सासूबाईंवरची टकटक

मी थापाड्या माणूस, हे आमच्या अख्ख्या खात्याला माहीत आहे. पण ही थाप नाही. धाकट्या बहिणीची गळ्याशपथ...

भुतं म्हणे रात्रीच येतात. हे भर दुपारी घडलं, डबे खाऊन झाल्यावर. आमच्या प्रयोगशाळेच्या जमिनीखालच्या हॉलला दुपार काय नि रात्र काय. नुसत्या ट्यूबलाइट.

बहीण शास्त्रज्ञ, तिचा नवराही शास्त्रज्ञ, मी तिथला टेक्निशियन. त्या दोघांचं वेड एकच. जड अणूच्या केंद्रकावर बीमचा, म्हणजे वेगवान कणांच्या झोताचा, मारा करायचा आणि त्याला भोवऱ्यासारखं गरगरवायचं. मग ते पायरी पायरीने मंदावतं आणि दर पायरीला गॅमा किरण सोडतं. पडद्यावर रेघा उमटतात, कंगव्याच्या दातांसारख्या.

फक्त शेवटच्या पायरीची रेघ कधी सापडली नव्हती. तिच्यापायी दोघांचे केस पिकले.

किरण पकडणारे डिटेक्टर द्रव नायट्रोजन भरून थंड ठेवावे लागतात. ते काम मेहुणे कुणाला करू देत नसत. सगळ्यात रुसक्या डिटेक्टरचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'सासूबाई'. म्हणजे आमची आई! सुरुवात तिच्यापासून. भरून झालं की बोटाने टक... टक.

तेवढ्या धक्क्यानेही पडद्यावर गिचमिड व्हायची. बाहेरच्या कंट्रोल रूममधून बहीण माइकवरून ओरडायची, "अहो, पुरे आता!"

की मेहुणे मुद्दाम पुन्हा... टक.

एका सकाळी चहा पिता पिता मेहुणे गेले. कप हातातच राहिला.

ती दुपार त्यानंतरची. संध्याकाळी बीम दुसऱ्या गटाला जाणार होता. हॉल मीच तपासला. "आत कोणी आहे का?" असं ओरडलो, दार लावलं. बीम चालू असताना ते दार उघडतच नाही.

बीम सुरू झाला आणि ती कधी न सापडलेली रेघ हळूहळू डोकं वर काढू लागली.

आणि सासूबाईंच्या पडद्यावर...

टक... टक.

मग मेहुणे जिच्याकडे वळायचे त्या पलीकडच्या डिटेक्टरवर. मग त्याच्या पुढच्यावर. क्रमही तोच.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "आतला पंप हादरत असेल," मी म्हणालो.

"पंप सासूबाईंपासून सुरुवात करतो होय रे, दादा?"

ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

पण गिचमिड वाढली. रेघ बुडायला लागली. तिने रेघेकडे पाहिलं... मग माइककडे. खूप वेळ.

"अहो..." ती माइकवर वाकली. "पुरे आता."

पडदा शांत झाला.

थोड्या वेळाने शेवटची रेघ उभी राहिली. सुईसारखी. टाळ्या वाजवाव्यात असं कुणालाच वाटलं नाही.

"जन्मात पहिल्यांदा ऐकलं रे त्यांनी माझं," ती म्हणाली आणि तिने टेबलावर डोकं टेकलं.

संध्याकाळी दार उघडलं. आत कोणी नव्हतं.

अजूनही तिचे प्रयोग चालू आहेत. आता दार लागलं की ती माइक ओढून घेते.

"अहो, करा ना टकटक. नाही ओरडणार मी."

पडदा स्वच्छ राहतो.

बाहेरून आलेले शास्त्रज्ञ मला कौतुकाने विचारतात, "इतका स्वच्छ पडदा! काय करता तरी काय तुम्ही?"

मी जन्माचा थापाड्या. पण तिच्यासमोर मला तेव्हा एकही थाप सुचत नाही.