न मागता बघणारा

पैज लागली ती माझ्याच आगाऊपणामुळे. लाइट गेलेली, बाहेर दिवसभर पिरपिर, म्हणून मी आणि वरच्या वहिनी जिन्यातच डबे उघडून बसलो होतो. तेवढ्यात समोरच्या दारातला, चष्म्याचं दुकान असलेला चष्मेवाला गळकी छत्री घेऊन आला, आणि माझ्या डब्याकडे बघत उभाच राहिला...

मी शाळेत इंग्रजी शिकवते. गप्प कशी बसणार?

“याला शब्द आहे. ग्रोक. दुसरा जेवताना गुपचूप बघत राहायचं, देईल या आशेनं. पण तोंडानं मागायचं नाही.”

“असल्या गोष्टीला शब्द कोण कशाला करेल?” तो म्हणाला.

वहिनींनी लगेच आम्हा दोघांत पैज लावून दिली. हरेल त्यानं अख्ख्या बिल्डिंगसमोर, हवं ते मोठ्यानं मागायचं. मी मोबाइलवर दाखवलं. जुना स्कॉटिश शब्द. आला कुठून, नक्की ठाऊक नाही. कुत्र्यांना वापरायचे, नाहीतर पोरांना.

“म्हणजे मी कुत्रा.”

“किंवा पोर. निवडा.”

तो हसला, आणि पैज फेडायची राहिली.

मग माझ्या चष्म्याचा स्क्रू सारखा सैल व्हायला लागला. मीच करायचे. तो आवळून द्यायचा, चष्मा माझ्या नाकावर ठेवायचा, क्षणभर बघायचा... आणि स्क्रूड्रायव्हर खिशात टाकायचा. बायको गेल्यापासून त्यानं कुणाकडे काही मागितलं नाही, वहिनी म्हणाल्या.

बदलीचा कागद आला. थांब म्हणणारं कोणी नव्हतं. मी सही केली. त्याला सांगितलं, तर म्हणे, तिकडे पाऊस कमी असतो.

टेम्पो भरला त्या दिवशीही आभाळ काळंच होतं. सगळे खाली जमले. मी डबा हातात घेऊन पुढच्या सीटवर चढले.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “पैज राहिलीय.”

कोणीतरी हसलं. तो पावसात पुढे आला, छत्री न उघडता.

“जाऊ नका.”

“मोठ्यानं,” वहिनी म्हणाल्या.

“जाऊ नका,” तो खरंच ओरडला.

मी दारातून वाकले. “सही झालीय हो. आता नाही थांबता येत.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. चष्मेवाल्यानं दाराची कडा घट्ट धरली.

“मग... मी येऊ?”

मी डबा त्याच्या हातात दिला.

“हा परत करायला तर यावंच लागेल.”