बोलत बोलत ताडासन

बाबांची प्रेमकथा मीच सांगते. ते सांगायला बसले तर दोन वाक्यांत आटोपतील. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस... दिवसभर टिकटिक ऐकणार, स्वतः मात्र गप्प.

आई मी लहान असतानाच गेली. गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते जिना चढायलाही घाबरू लागले. मला भीती वाटायची ती त्यांच्या या घाबरण्याची. शेवटी दवाखान्यातल्या योगवर्गाला मीच त्यांना ओढत नेलं.

एकच चटई रिकामी होती. खिडकीपाशी, एकट्या राहणाऱ्या बेकरीवाल्या काकूंच्या शेजारी. मी रोज भिंतीशी बसून राहायचे. काकूंच्या ओढणीला व्हॅनिलाचा वास होता.

योगाच्या बाईंचा नियम कडक. "आसन करताना शेजाऱ्याशी बोलत राहायचं. बोलता येईना झालं, की हृदयावर ताण येतोय समजायचं आणि थांबायचं."

बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बोला काहीतरी," हात हळूहळू वर नेत काकू म्हणाल्या.

"काय... बोलू?"

"माझं भिंतीवरचं घड्याळ रोज मागे पडतं. त्याला जरा रागवा."

बाबा चक्क हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मग काय, ताडासनात घड्याळं, वृक्षासनात पाव न फुगल्याची दुःखं. शवासनात बोलायचं नसतं, तर तेवढ्या वेळात दोघांचे चेहरे पडायचे.

आणि एका सकाळी, ताडासनात, बाबा वाक्याच्या मधेच थांबले.

मी भिंतीपासून ताडकन उठले. बाईंनी धावत येऊन त्यांची नाडी धरली. काकू पांढऱ्याफटक.

"अहो, बोला ना... काहीही बोला," त्या म्हणाल्या.

"दुखत नाहीये," बाबा पुटपुटले. "पुढचं वाक्य जड आहे, एवढंच."

"आधी हात खाली घ्या." काकूंनी डोळे पुसले. "मग सांगा. मी कुठे पळून चाललेय?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी जोरात मान हलवली, की वेणीच सुटली.

"माझ्याशी लग्न... कराल?"

"तुमच्या लेकीनं मागच्याच आठवड्यात विचारलंय," काकू म्हणाल्या. "मी कधीची हो म्हणून बसलेय. तुमचंच घड्याळ मागे."

आता आम्ही तिघं जिना चढतो, बोलत बोलत. वर पोचलं तरी बाबांचं संपत नाही. काकू म्हणतात, आता जरा श्वास घ्या. मी मागून दोघांच्या पिशव्या आणते आणि मनातल्या मनात त्या रिकाम्या चटईचे आभार मानते.