काचेच्या आतली वाफ

सांगा शेठ, विश्वास कुणावर ठेवावा? धंद्यातल्या जाणत्यावर, की जिचं माणूस गेलं तिच्यावर?

आपला केसरीनाथ मंडईजवळ फोटोचं दुकान चालवतो. दोन हजार चार साली त्यानं मोठा प्रिंटर आणला. एक काळी आणि दोन करड्या, अशा तीन शाया. गेलेल्या माणसाचा फोटो काळा-पांढराच छापायचा, तो वर्षानुवर्षं हिरवट पडत नाही, ही त्याची ग्वाही. पण पहिल्याच महिन्यात दापोड्याच्या एका गोदामवाल्यानं काउंटरवर फ्रेम आपटली. "केशा, माझ्या बापाला मोतीबिंदू कसा झाला रे?" काचेवर आतून दुधी साय धरली होती. तेव्हा केसरीनाथला कळलं, की फोटो हाताला कोरडा लागला तरी शाई दिवसचे दिवस वाफ सोडत राहते, आणि ती काचेवर बसते. तेव्हापासून तो फोटोवर साधा कागद ठेवतो, रोज बदलतो. कागदाला लाटा आल्या तर अजून सुटतंय. सपाट राहिला, की काच लावायची.

पण बाराव्याच्या फोटोला इतके दिवस कुठून आणणार?

शेलार गावचा रामनाथ गेल्या महिन्यात होडीसकट खाडीत गेला. आठव्या दिवशी प्रेत मिळालं, ते भाऊ दामूनं शर्टावरून ओळखलं. बायकोला, जानकीबाईला, दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. केसरीनाथनं फोटो छापला आणि त्याच दुपारी काच लावून दिला. धुरकटणार हे त्याला ठाऊक होतं, धुरकटलाच. मग त्यानं फ्रेम परत आणली, फोटो पंधरा दिवस वाळवला, काच धुऊन पुन्हा बसवली.

तिसऱ्या दिवशी दामू दारात. "चल बाबा. वयनी फोटोला हार घालू देत न्हाय."

शनिवारची भर दुपार. लाइट गेलेली, त्यामुळे आसपासचे सगळे कापडाचे लूम बंद. ज्या गावात खडखडाट कधी थांबत नाही, तिथं थांबला की कानच ओरडायला लागतात. रामनाथच्या ओटीवर उदबत्तीचा वास, आणि त्याखाली खाडीच्या चिखलाचा. काच लख्ख होती. फक्त ओठांसमोर तळहाताएवढी वाफ.

"ह्यो सास हाय," जानकीबाई हळूच म्हणाली. "त्यो कुठंतरी जित्ता हाय. दामूला सांग, शोधाय जा..."

"आठ दिस खाडी धुंडली, वयनी! मला काय भाऊ नकोसा झालता?"

"तू शर्ट वळखलास, दामू. तसले शर्ट बाजारात शंभर हायेत." ती केसरीनाथकडे वळली. "केसरीभाऊ, तुला शाईतलं कळतं. तू सांगशील तं मानीन."

केसरीनाथ वाकून बघत राहिला. मिशी काळीभोर, म्हणजे तिथं शाई जास्त. पण डोक्याचे केस मिशीहून काळे होते, आणि केसांसमोर काहीच नव्हतं. हे त्याला दिसलं. दामू बघत होता, आतल्या बायका बघत होत्या.

"शाईच आहे, वयनी."

तिनं गळ्यातलं काढून ताटात ठेवलं. केसरीनाथनं फोटो बिनकाचेचाच टेकवला, तिनं त्याला हार घातला. शोधायची गोष्ट तिथंच संपली.

रिकामी फ्रेम घेऊन तो दुकानात आला, पण जिवाला चैन नाही. जुनी काच फेकली, नवी घातली. मागं पाकिटातला कोरा कागद लावला, प्रिंटरचं तोंडही न पाहिलेला. शाईचा थेंब नाही.

काल सकाळी काचेच्या आत वाफेचा डाग होता. फोटोत ओठ असायचे, बरोबर तिथं.

आज केसरीनाथनं मला बोलावलं. अर्धं शटर ओढून बसला होता, डोळे तारवटलेले.

"विरतो... पुन्हा येतो," तो म्हणाला. "पण दर वेळी लहान..."

"मग शेलारला जा की!"

"कोणत्या तोंडानं?"

तुमची गाडी आत्ता शेलारवरूनच जाणार ना? जानकीबाईला गाठा, सांगा की ती शाई नव्हती. डागाचा हिशेब मात्र खरा ठेवा: शनिवारी तळहाताएवढा, काल रुपयाएवढा, आज सकाळी चिंचोक्याएवढा. केसरीनाथची लाज राखायला एकही दिवस गाळू नका.