बोंबलांवर टाकलेले दोन रुमाल

बाळांनो, अशी कल्पना करा की एका दाराला कडी नाही, कुलूप नाही आणि किल्लीही नाही. ते दार फक्त संगणकातल्या नोंदीचं ऐकतं. नोंद म्हणाली उघड, की उघडतं.

खारतळे बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या शीतगृहाला असंच दार होतं. मासळीच्या प्रत्येक खेपेची एक नोंद असे आणि गारवा किती ठेवायचा हेही तीच ठरवी. त्या दुपारी मात्र दार ढिम्म हलत नव्हतं आणि त्याच्याखालून पिवळट पाणी झिरपत होतं. रुचिता नाखवाने नाकाला ओढणी लावली. आत तिच्या आईचे बोंबील होते. वादळानंतरची ही पहिलीच खेप. ही गेली तर होडीचं इंजिन विकावं लागणार होतं.

"साजिदचाचा, झालंय तरी काय?" तिने विचारलं.

साजिद मुकादम सोसायटीची संगणकयंत्रणा दुरुस्त करायला आला होता. त्याने हातातला पडदा तिच्याकडे वळवला. "नोंद अडकलीय, बाय. एकाच पाटीवर दोघं एकदम लिहायला लागले तर?"

"गिचमिड होईल."

"म्हणून एक जण लिहीत असेतो दुसऱ्याला नोंद बंद. नियम चांगलाच आहे. पण हल्ली शेठ लोक स्वतः लिहीत नाहीत. त्यांचे संगणकी मुनीम लिहितात, आणि मुनीम शिकतात मालकाचं बघून. एस्टीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना? तसे हे नोंद नुसती उघडून बसतात. घ्यायचं नक्की नसतं, पण दुसऱ्याला मिळता कामा नये."

"इथे कोणाचा रुमाल आहे?"

"दोघांचे. चेअरमन चोगल्यांच्या मुनीमाने तुमची मासळी धरलीय आणि तो ती न्यायच्या गाडीसाठी थांबलाय. पारकर शेठच्या मुनीमाने गाडी धरलीय आणि तो मासळीसाठी थांबलाय. हुकूम कोणाचा मानायचा हे शीतगृहाला कळेना, म्हणून गारवाही बंद पडला."

"मग सोडव की गाठ!" रुचिताची आई प्रणाली कळवळून म्हणाली.

"ज्याची पकड तोडीन त्याचा सौदा मोडतो, वहिनी. दोघांची परवानगी लागते."

त्याने सोसायटीच्या ऑफिसात फोन लावला. दोघेही तिथेच, एका टेबलाशी चहा पीत बसले होते.

"आधी पारकरला सोडायला सांग," चोगल्यांचा आवाज आला.

"वा रे वा! मी काय येडा आहे?" मागून पारकर हसले. "चेअरमन, भजी घ्या हो, गार होतायत."

प्रणालीने तोंड फिरवलं.

"चाचा, दोघांचीही पकड तोडली तर?" रुचिताने विचारलं.

"नोंद कोरी होईल," साजिद म्हणाला. " मासळी पुन्हा तुमची, आणि माझं काम बहुतेक दुसऱ्या कोणाचं." त्याने दाराखालच्या पाण्याकडे पाहिलं, बाजूला जाऊन थुंकला आणि परत येऊन पडद्यावर बोट दाबलं.

दार सरकलं. असा भपका आला की साजिद दोन पावलं मागे सरला. वरच्या क्रेटांतले बोंबील अजून जरा तग धरून होते. खालचे मात्र लिबलिबीत लगदा झाले होते. डोळे फुटलेले, कातडी सुटलेली, वर माश्यांचा थर. पदर खोचून प्रणाली वरचे क्रेट बर्फाकडे ओढू लागली.

रुचिताही हात लावायला वाकली. तेवढ्यात साजिदच्या हातातला फोन वाजला.

"उघडलं का रे?" चोगले विचारत होते. "छान. नोंदीत पहिलं नाव माझं घाल."

"हट्! पहिलं माझं," मागून पारकर ओरडले.

रुचिताने साजिदकडून कोऱ्या नोंदीचा पडदा मागून घेतला आणि काखेत धरला. मग सगळ्यात खालचा, सगळ्यात घाण क्रेट तिने उचलला. गळणारं पाणी तिच्या कुर्त्यावरून पायांपर्यंत ओघळत होतं. तशीच ती ऑफिसचा जिना चढली, खांद्याने दार ढकललं आणि क्रेट भज्यांच्या बशीशेजारी ठेवला. दोघांनी एकदम नाकावर हात दाबले.

तिने पडदा पुढे धरला, बोट रिकाम्या चौकटीवर ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काका, ह्या क्रेटवर कोणाचं नाव घालू?"