एका वाटीला तलवार

मिथुनच्या पाठीवरची तलवार गायब होती.

अक्षताने भावाच्या मोबाईलची काच ओढणीने पुसली. कोपऱ्यात वाळलेलं पीठ होतं, ते निघालं; तलवार काही दिसेना. भावाने स्वतःचंच नाव दिलेला गेममधला मिथुन तिथेच उभा होता, सीमेवरच्या बाजारात, जिथे देशोदेशीचे खेळाडू वस्तूंची अदलाबदल करतात. वाटूर फाट्यावरच्या जीवघेण्या अपघाताच्या आदल्या दिवशी तिच्या भावाने त्याला तिथे सोडलं होतं. त्याला आठ महिने झाले. रोज कॉलेजातून आल्यावर ती त्याला फक्त बघायची, एक पाऊलही हलवायची नाही. भावाने ठेवलं तसं सगळं राहावं, एवढंच तिला हवं होतं. आणि त्या तलवारीसाठी तर पोराने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"आई, मिथुनच्या मोबाईलला कुणी हात लावला?"

आई, बेबीनंदा, शेजारच्या तुळजाबाईंच्या डब्यात गुळाचा खडा ठेवत होती. "घरात कोण येतंय?" म्हणाली आणि डबा परत करायला निघून गेली.

उरला कल्याण, मिथुनचा दोस्त. तलवारीवर त्याचा डोळा होता आणि गेमचा पासवर्डही त्याला ठाऊक होता. अक्षता तडक त्याच्या पंक्चरच्या दुकानात गेली.

"खरं सांग कल्याण. तूच घेतलीस?"

"आईची आन ताई, न्हाई." त्याने मोबाईल घेऊन व्यवहारांची यादी उघडली. "हे बघा. आज सकाळी सव्वाअकरा. फिलिपिन्सच्या खेळाडूला तलवार दिली. बदल्यात वाटीभर शोरबा."

"शोरबा?"

"जखम भरायला पितात. फुकटात मिळतो. चोर असता तर बराबर पैसा केला असता."

अक्षताने यादी वर सरकवली. काल पिशवीतली ढाल गेली होती. त्याआधी पट्टा, अंगठी, जोडे; पिशवी तिने कधी उघडलीच नव्हती. रोज सव्वाअकरा, रोज एक वाटी, रोज तोच खेळाडू.

"हा कोण?"

"मिथुनचा तिकडचा दोस्त. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वस्तू ठेवायची, हिरवं बटण दाबायचं, झालं." कल्याणने मोबाईल तिच्या हातात परत दिला. "मिथुन गेल्याचं त्याला कोण सांगणार? हलत न्हाई म्हणून जखमी वाटला असंल."

सव्वाअकराला अक्षता जालन्यात वर्गात असायची. मोबाईल घरी, कपाटात.

ती परतली तेव्हा आई भाकरी थापत होती.

"आई, मी निघाले की तू मोबाईल उघडतेस. काचेला पीठ तुझ्या हाताचं होतं. चोराने फुकटच्या शोरब्याला तलवार दिली नसती. पण रोज, न चुकता, वाटीमागं एक वस्तू गेली. आलेलं भांडं रिकामं वापस न देणारी बाई या घरात एकच आहे."

आईचा हात परातीत थांबला.

"लेकराला बघावं म्हणून उघडत होते," ती रडू लागली. "एक दिवस तो आला, वाटी पुढं केली. माझं पोरगं आठ महिने उपाशी उभं, अन् कुणीतरी त्याला खाऊ घालून राह्यलं. मंग वाटी रिकामी कशी पाठवू? पिशवीतलं सरलं, मंग पाठीवरचं दिलं. आता काहीच न्हाई, अक्षे. उद्या काय देऊ?"

चोर सापडला होता आणि रागवायला कुणीच नव्हतं. अक्षता आईचे पिठाने भरलेले हात धरून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. अकरा वाजता दोघी मोबाईल घेऊन बसल्या. बाजाराबाहेर, रस्त्यापलीकडे रानफुलं होती, तोडली की पिशवीत येणारी. अक्षताने काचेवर अंगठा ठेवला. आठ महिन्यांनी मिथुनने पाऊल उचललं.

"हळू जा रे," आई म्हणाली.