उष्टा हिवाळा

दातांचे डॉक्टर त्याला तोंडावर कवळीवाला म्हणत आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तो लोकांचे दात घडवायचा. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, घासायच्या यंत्राची घरघर, नाकातोंडात पांढरी भुकटी. नजर मात्र अशी तयार झालेली की रस्त्याने कोणी हसत गेलं तरी याला त्याच्या दाढांची अवस्था कळे. बायको होती तेव्हा तिला या सवयीचा राग यायचा. "कधीतरी माणसाकडे बघ," ती म्हणायची, "सारखं त्याच्या तोंडात काय बघतोस?"

आता बायको नव्हती. म्हणजे होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या भावाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, आणि ठकी तिच्याजवळ होती. ठकी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी गप्प आणि गोल डोळ्यांची होती म्हणून यानेच ते पाडलेलं. वाटण्या कोर्टात झाल्या. शनिवार याचा, बाकीचे वार तिचे. शाळेच्या सुट्ट्या दोन. पानगळीची याला, बर्फाची तिला. वकील बोलत होते तोवर हा मान डोलवत राहिला आणि घरी येऊन चहा गाळताना त्याच्या लक्षात आलं की आपण पुरते गंडलो. पानगळीच्या सुट्टीत असतं काय? चिखल आणि सर्दी. पोरांना वेध लागतात ते बर्फाच्या सुट्टीचे.

शहराबाहेर एक मोठं थीम पार्क होतं. पानगळीत तिथे मुखवट्यांचे दिवस असत आणि कडक थंडीत बर्फाचे दिवस. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट दरवर्षी भाच्यांना घेऊन जायची. तीच एकदा बोलता बोलता म्हणाली, "मधल्या आठवड्यात जा तुम्ही. पुढच्या अर्ध्या भागात मुखवटे अजून उतरवलेले नसतात आणि मागे बर्फाचं सगळं उभं राहिलेलं असतं. एका फेरीत दोन्ही मौसम. गर्दीही नसते."

तिने सांगितलं सरळ मनाने. याने घेतलं वेगळ्याच मनाने. मधला आठवडा त्याच्या सुट्टीच्या शेपटाला येत होता. म्हणजे ठकीला बर्फही आपणच आधी दाखवायचा. मग तिची आई हौसेने तिला तिकडे नेईल, "बघ, बघ," म्हणून बोट दाखवेल आणि पोरगी म्हणेल, "हे मी पाहिलंय. बाबाने दाखवलं." उष्टा हिवाळा वाढायचा तिच्या ताटात. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी एका आजींची अडलेली कवळी त्याने शीळ घालत पूर्ण केली.

जायच्या दिवशी ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. ठकी मागे बसून जिभेने पुढचा दात ढकलत होती. वरचा, डावीकडचा. एका बाजूने सुटला होता.

"बाबा, तू ओढून टाक ना."

"मी दात बसवणारा माणूस. काढणारे वेगळे."

"मग पडल्यावर तू परत बसवशील?"

"तुझा तुला येईल की नवा. पण त्याला महिने लागतात. घाई नाही करायची."

तिने त्याच्यासाठी नवा निळा स्वेटर घातला होता. त्यानेच घेतलेला, पुढच्या वर्षीही पुरावा म्हणून मोठा. बाह्या दोनदा दुमडल्या तरी बोटांच्या टोकांपर्यंत येत होत्या.

पार्कचा पुढचा भाग बेतास बात होता. मुखवटे उन्हाने विटले होते, कागदी वटवाघळांचे पंख गळले होते. एक कामगार हातगाडीवर सांगाडे रचून नेत होता आणि सांगाड्यांच्या मधे चमकत्या चांदण्यांची खोकी खोचलेली होती. ठकीला ते फार आवडलं. "बाबा, बघ, मेलेले लोक सामान घेऊन चाललेत!" ती खिदळली. तिच्या खिदळण्याने तोही हसला. खूप दिवसांत तो असा पोट धरून हसला नव्हता. तेवढ्यावर थांबून तो घरी गेला असता तर बरं झालं असतं, पण दाखवायचं होतं ते पलीकडे होतं.

दोन भागांच्या मधे हिरवी कनात बांधलेली होती. तिच्यात एक फट होती आणि लोक ये-जा करत होते, त्यामुळे त्याने ठकीचा हात धरला आणि आत शिरला.

पहिल्यांदा जाणवली ती थंडी. नाकाच्या आत टोचणारी, खरी थंडी. मग पायाखालचा बर्फ. कापूस किंवा फेस असेल असं त्याने धरलं होतं. बुटाखाली तो करकरला. मोठी मशिनं लावत असतील, त्याने मनाशी म्हटलं. गर्दीही बरीच होती. मधल्या आठवड्यात गर्दी नसते म्हणाली होती ती बाई.

गरम दुधाच्या टपरीवरची पोक्त बाई ठकीला बघून ओळखीचं हसली. "आलीस का? मोजा मिळाला गं तुझा?"

"मिळाला," ठकी म्हणाली. "बाकाखालीच पडला होता."

"कुठला मोजा?" त्याने पुढे गेल्यावर विचारलं.

"हातातला. लाल."

त्याने तिला लाल हातमोजे घेतले नव्हते. तिच्या आईने घेतले असतील. टपरीवाल्या बाईची माणूस ओळखण्यात चूक झाली असेल आणि पोरीने नुसतं हो ला हो केलं असेल. ठकी होतीच तशी नाटकी.

हरणांच्या गोल पाळण्यापाशी तो तिला पांढऱ्या हरणावर बसवायला गेला. "ते नको," ती म्हणाली, "ते अडकतं. वर जातच नाही." पाळणा सुरू झाला. सगळी हरणं खालीवर होऊ लागली. पांढरं तेवढं एका जागी ताठ उभं राहून फिरत होतं.

"तुला कसं कळलं?"

"मागच्या वेळी मी त्याच्यावरच होते ना." ती तपकिरी हरणावरून उतरली. उतरताना तिने हात पुढे केला आणि तो हात मनगटाच्या बराच वरपर्यंत उघडा होता. त्याने बाह्यांकडे पाहिलं. दुमड नव्हती. स्वेटर तोच होता, निळा. खांद्यांत तंग झालेला.

पाण्यात भिजून आटला, असं त्याने म्हणून पाहिलं. पण ठकी भिजली नव्हती.

"हसून दाखव," तो म्हणाला.

"का?"

"दाखव ना."

ती हसली. लोक ज्या कामाला क्षुल्लक म्हणत त्या कामात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि तिथे त्याची नजर फसणं शक्य नव्हतं. हलणारा दात नव्हता. त्याच्या जागी नवा होता. अर्ध्याच्या वर आलेला, पक्का, कडेला नव्या दाताला असतात तसे करवतीसारखे बारीक दाते.

सकाळी गाडीत त्याने तो दात स्वतः पाहिला होता.

"चल, परत जाऊ," तो म्हणाला.

ठकी जागची हलली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. राग नव्हता त्या बघण्यात, भीतीही नव्हती. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाकडे पोरं बघतात तसं ती बघत होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "माझी आई तिकडे उभी आहे."

ठकीने त्याला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

तिने बोट दाखवलं तिकडे बर्फावर घसरणाऱ्या पोरांचं रिंगण होतं आणि कठड्याला टेकून ठकीची आई उभी होती. केस कापलेले. अंगात करड्या रंगाचा कोट, तो त्याने पूर्वी पाहिला नव्हता. पाठलाग करत आली, हे त्याच्या डोक्यात पहिलं आलं आणि इतक्या थंडीत त्याचे कान तापले. एक दिवस, एवढा एक दिवसही हिला बघवला नाही. तो ठकीला ओढत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हा काय तमाशा आहे?"

तिने आधी ठकीला जवळ घेतलं. मग ती त्याच्याकडे बघून हसली. दुकानदाराकडे, बसच्या कंडक्टरकडे बघून हसतात तसं.

"फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. "कुठे सापडली हो ही? मी केव्हाची शोधतेय."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. भांडताना तिचा खालचा ओठ कसा दाताखाली जायचा, खोटं बोलताना पापण्या कशा फडफडायच्या, हे त्याला पाठ होतं. त्यातलं काही झालं नाही. ती खरोखरच आभार मानत होती.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

तिचं हसू मावळलं. ती एक पाऊल मागे सरकली.

"आई, चल," ठकी हळूच म्हणाली.

त्याने ठकीला उचललं आणि पळत सुटला.

मागे ती ओरडत होती. पोरीच्या नावाने, खऱ्या नावाने. लोक वळून बघत होते. ठकी त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. "सोडा मला! सोडा!" ती जड होती. सकाळी उचलली होती तेव्हापेक्षा खूप जड.

कनात दिसली.

फटीत कोणी नव्हतं.

तो पलीकडे गेला.

ऊन होतं. जमीन कोरडी होती. खांद्यावरच्या बुक्क्या थांबल्या. त्याने तिला खाली ठेवलं, गुडघ्यावर बसला आणि तिची हनुवटी वर केली. "आ कर." तिने आ केला. डावीकडचा दात एका बाजूने लोंबत होता. बाह्या पंजांवर आल्या होत्या.

"मी कोण?" त्याने विचारलं.

"बाबा," ती म्हणाली.

त्याला तेवढं पुरलं. घरी येईपर्यंत ती झोपली होती. सुट्टी संपली तसं रविवारी त्याने तिला आईकडे पोचवलं. ठकीच्या आईने दार उघडलं तेव्हा तिचे केस लांबच होते आणि ती नेहमीसारखी फटकारून म्हणाली, "उशीर झाला." त्याला त्या फटकारण्याचा इतका आनंद झाला की तो जिन्यावर थोडा वेळ बसून राहिला.

त्या आठवड्यात तिचा फोन आला. घासायचं यंत्र बंद करून त्याने तो घेतला.

"तिकडे काय झालं?" तिने विचारलं. आवाजात धार नव्हती. वेगळं झाल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी साधं बोलत होती.

"काही नाही. का?"

"शहाण्यासारखी वागते रे. फार शहाण्यासारखी. हट्ट नाही, काही नाही. पण तुझं नाव काढत नाही. एरवी बाबाने असं केलं, बाबा तसं म्हणाला, माझं डोकं खायची. शनिवारी बाबा न्यायला येणार म्हटलं, तर 'बरं' म्हणाली. इंजेक्शनला जायचंय म्हटल्यावर म्हणते तसं." ती थांबली. "तू ओरडलास का तिच्यावर?"

"नाही."

"मारलंस?"

"नाही गं."

पूर्वी बोलणं इथवर आलं की कोणीतरी फोन आपटायचं. आता तो कोणालाच ठेववेना.

शनिवारी ती ठकीला घेऊन खाली आली. ठकीच्या वेण्या घट्ट घातलेल्या होत्या, पाठीवर दप्तर होतं. आईने दार उघडून धरलं तेव्हा ती मागच्या सीटवर बसली आणि आपला बेल्ट आपण लावला. ठकीची आई खिडकीशी वाकून काहीतरी बोलणार होती. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"कुठे जायचं आज?" त्याने गाडी वळवताना विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथे."

"भूक लागलीय?"

"नाही. थँक यू."

पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. त्याने आरसा थोडा खाली केला. ठकी ताठ बसली होती, चेहरा छान हसरा ठेवून. अनोळखी माणसाच्या गाडीत बसायची वेळ आलीच तर काय करायचं, हे तिला एका पावसाळ्यात त्यानेच घोटून घोटून शिकवलं होतं. रडायचं नाही. त्याला राग येईल असं काही करायचं नाही. गाडी थांबेल तेव्हा तयार राहायचं.

तिचा हात दाराच्या हँडलवर होता.