उजेडातला हात

वावटळ ती केवढी... दोन माणसांच्या उंचीची. सरकी काढायच्या जिनाच्या आवारात शिरली, चार मुठी कापूस उडवला, बायांचे पदर ओढले आणि फाटकातून निघूनही गेली. पण तेवढ्यात पोती शिवणारा तो नवा माणूस — चांगला दाराएवढा गडी — हातातलं दाभण टाकून शेडच्या खांबाला मिठी मारून बसला. डोळे गच्च मिटलेले.

बाया फिदीफिदी हसल्या. मीही हसले. नवरा तापात गेल्यापासून मी आवाज करून हसले नव्हते. विधवेनं दात दाखवायचे नसतात, असं आमच्यात समजतात. कोण समजतं? जिचा नवरा जिवंत आहे, ती.

"अवो, गेली ती!" मी म्हणाले. "सोडा आता. खांबाला बी लाज वाटून राह्यली."

त्यानं एक डोळा उघडला. "बराबर गेली का?"

"मंग! मंठ्याच्या रस्त्याला लागली. बोलावू का माघारी?"

त्यानं दुसराही डोळा उघडला आणि माझ्याकडं पाहिलं. विधवेकडं माणसं कशी पाहतात, ते मला ठाऊक आहे. एक तर नजर उचलत नाहीत, नाही तर उचललेली खाली ठेवत नाहीत. यानं सरळ पाहिलं. कुणाच्याही तोंडाकडं पाहावं तसं... आणि ओशाळून हसला.

नाव भुजंग. मूळचा वाटूरचा. पोरवयात मुंबईला गेला, तिथं धक्क्यावर होड्यांची शिडं शिवायचा. दिवाळी झाल्यावर तिकडं वादळ आलं. होड्या गेल्या, शिडं गेली, खोलीवरचे पत्रे गेले. उरला तो एकटा. आणि जालन्याच्या गाडीत बसला.

कापूस निवडायला मी ज्या गोणपाटावर बसायचे, ते मधोमध फाटलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर शिवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"शिडाचा टाका हाये," तो पोत्यांमागून म्हणाला. "खाऱ्या पाण्यात बी उसवत न्हाई."

"इथं कुठं आलंय खारं पाणी?"

"तुम्ही काढता की डोळ्यातनं... चोरून."

माझे कान तापले. मी मान खाली घालून कापसातली पत्ती वेचायला लागले. एवढ्या बायांत बसून मी रडते, हे आजवर कुणाला दिसलं नव्हतं.

दुपारी लिंबाखाली भाकरी खायला बसायचो. कमरबी आमच्यापासून हातभर लांब बसायची. भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्या धामधुमीत तिच्या घरची दोन माणसं गेली ती परत आली नाहीत. तेव्हापासून, आधी तिच्या डब्यातली चटणी मागून खाणाऱ्या बाया तिला पाणीसुद्धा विचारत नव्हत्या.

"समुद्र कसा असतो वो?" मी एकदा भुजंगला विचारलं.

"आपल्या रानासारखा. पार आभाळाला टेकलेला. पण बेइमान... खाली जमीनच न्हाई." मग त्यानं भाकरी खाली ठेवली. "त्या राती आम्ही समदे मिठाच्या गोदामात शिरलो. कोळी, कोकणातले मुसलमान, गोव्याचे किरिस्ताव, कच्छी खलाशी, तेलंगी हमाल. दिवा न्हाई. पाणी गुडघ्याला लागलं. कुणी तरी वरडलं, हात धरा! ज्याला जो घावला तो हात त्यानं धरला. जो तो आपापल्या देवाला हाका मारीत व्हता, पण थरथर एकच. माझ्या हातात एका म्हातारीचा हात व्हता. आये, आये म्हणून मी तिला धरून ठिवलं."

"मंग?"

"मंग उजाडलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं. हात काढून घेतला... अन् लुगड्याला पुसला. समद्यांनीच सोडले. दुपारी त्याच गोदामापुढं चुली पेटल्या, अलग अलग."

कमरबी लांबूनच म्हणाली, "इथं बी तसंच हाय, भाऊ. इथं तर पाणी बी आलं न्हाई."

भुजंगनं आपला तांब्या उचलला आणि तिच्यापुढं नेऊन ठेवला. त्याच वेळी माझं ठरलं... पण बोलून कशी दाखवणार?

बोलला तोच. "सगुणा, मला एकट्याला झोप येत न्हाई. वारा आला की उठून बसतो."

"खांब हाये की जिनात."

"खांब उलटून बोलत न्हाई ना..."

मागणी घालायला तो माझ्या भावाकडं गेला; भाऊ जिनातच कापसाच्या वजनकाट्यावर होता. धर्मराजदादानं नाही म्हटलं नाही. त्याच्या घरातलं एक तोंड कमी होत होतं. "पाट लावून देऊ," म्हणाला. "पण रिवाजानं. अंधाऱ्या राती, गावाबाहेर. तोंड झाकून न्यायची, अन् उजाडेपर्यंत कुण्या सवाष्णीच्या नजरेला पडू द्यायची न्हाई, अपशकुन व्हतो."

पहिल्या लग्नात मला घोड्यावरून मिरवलं होतं. तेव्हा मला परकर नेसता येत नव्हता. आता स्वतःच्या अकलेनं माणूस निवडला, तर चोरीच्या मालासारखी अंधारात हलवायची!

"मी न्हाई येणार," मी भुजंगला सांगितलं.

"अंधार काय अन् उजेड काय," तो म्हणाला. "आपल्याला काय फरक पडतो?"

"तुम्ही म्हणता हे? तुम्ही?" माझा आवाज चढला. "अंधारात धरलेल्या हाताचं उजाडल्यावर काय होतं, ते तुम्हीच सांगितलं ना मला? मला न्हाई पाह्यजे तसला हात. धरायचा असंल तर दिवसा धरा. भर आवारात. न्हाई तर जा तुमच्या समुद्राकडं!"

तो गेला.

खरंच गेला. दुसऱ्या दिवशी पोती शिवायला दुसराच माणूस बसला होता. बाया म्हणाल्या, टेशनाकडं जाताना दिसला. मी गोणपाटावर बसले, शिडाच्या टाक्यावरून बोट फिरवत राहिले. तो टाका उसवत नव्हता, हाच त्याचा जुलूम. घरी वहिनी ताटलीत भाकरी टाकायची, पुढ्यात कुत्रं असावं तशी. रात्री वारा आला की मीच उठून बसायचे. कुठं असेल? कुठल्या खांबाला धरून?

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारचा भोंगा झाला. बाया लिंबाकडं निघाल्या, आणि फाटकातून तो आत आला. पायात धूळ, दाढी वाढलेली. भर आवारातून सरळ माझ्यापुढं.

"कुठं गेल्ता?" मला रागानं बोलायचं होतं... जमलं नाही.

"वाटूरला. तिथनं परतूरला. भट, जंगम, गुरव, समद्यांना इचारलं. दिवसा पाट लावायला कुणीच राजी न्हाई."

"मंग?"

"मंग आपणच." त्यानं हात पुढं केला.

दादा काट्यापाशी उभा होता. "सगुणे, त्याचा हात धरला तर घराचं दार बंद!" तो ओरडला. बायांनी झटकन पदर डोळ्यांवर ओढले. एकीनं तर पाठच केली. वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली, त्यांच्यातल्या एकीलाही माझं तोंड पाहवेना.

मी हात धरला.

फक्त कमरबी उठली. निवडलेल्या कापसाची मूठ भरून आली आणि आमच्या डोक्यांवर उधळली. "तांदूळ न्हाई मेरे पास," ती म्हणाली, "हेच घ्या."

आम्ही फाटकाकडं निघालो. एवढ्या माणसांत आम्ही दोघंच, आणि जायला घर नाही. ऊन असं, की सावली पायाखालून बाहेर येईना.

"घाम आलाय तुमच्या हाताला," मी म्हणाले.

"भेव वाटून राह्यलं."

"सोडायचा असंल तर आत्ताच सोडा."

त्यानं आमच्या हातांकडं पाहिलं, मग माझ्याकडं... खांबापाशी पाहिलं होतं, तसंच सरळ.

"आता कसा सोडू? दिसून राह्यलंय की... कुणाचा हाये ते."